साहेबांनी सोडलेली बोट

माझा जन्म डहाणूजवळच्या चिखल्याचा. तुम्ही या बाजूला बसा, उजव्या हाताला, डाव्या कानाने मला काही ऐकू येत नाही, लढाईत गेला तो, सांगतो ते पण. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, त्याच्या आधीचे पण तेच असणार, दुसरं काय करणार. आता तुम्ही आलात ते साहेबांचं ऐकायला, पाणबुडीच्या साहेबांचं, ज्यांना लढाईचं मेडल मिळालं. सगळे तेच ऐकायला येतात, सांगतो मी, पण माझं लक्ष ठिकाणावर नाही हे आधीच सांगून ठेवतो. माझा जावई जयवंत, तलासरीकडच्या झाईचा, गुजरातच्या एका शेठच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून पाकिस्तानच्या लोकांनी पकडली, चौदा महिने झाले, तिकडच्या जेलात आहे तो. पोरगी कल्पना माझ्याकडेच आहे. चहा घेऊन येईल आता, तिच्यासमोर जेलचं काढू नका.

तर बापाचं. माझा बाप वल्ह्याचा दांडा पाण्यात उभा सोडायचा आणि वरच्या टोकाला कान लावून ऐकायचा. घोळ मासा बोलतो, माहीत आहे ना तुम्हाला? नाही? काय शिकलात मग. घोळीचा थवा खाली असला की बेडकासारखा आवाज येतो, तो ऐकून बाप जाळं टाकायचा. मग बोटीच्या फळीवर दांडका आपटायचा, तीन ठोके, थांबायचं, ऐकायचं, परत तीन ठोके, म्हणजे मासा बिचकून जाळ्यात शिरतो. मला पण लहानपणी कान लावायला लावायचा, आणि चुकलो की डोक्यात टपली. त्या टपल्या खाऊन खाऊन कान तयार झाला माझा.

नेव्हीत भरती झालो तेव्हा आमची कानांची परीक्षा घेतली, टेप लावली आणि काय काय ऐकू येतं ते सांगा बोलले. बाकीचे इंजिन, पंखा असं सांगत होते, मी बोललो इंजिनच्या मागे मासे आहेत. सगळे हसले, फक्त मागे एक साहेब उभे होते ते नाही हसले. त्यांनी गाव विचारलं, मी चिखले बोललो, त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी चिखले. नावाने त्यांनी मला कधी हाक मारलीच नाही, काय रे चिखले, इकडे ये चिखले, असंच. साहेब साताऱ्याकडचे, समुद्र म्हणे विसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला, आणि तरी रशियात जाऊन पाणबुडी शिकून आले होते.

पाणबुडीत काय असतं ते काय सांगू तुम्हाला. आंघोळ नाही, दिवस नाही रात्र नाही, डिझेलचा वास जेवणात पण, एक उठला की त्याच्या गरम बिछान्यात दुसरा झोपणार. साहेब ओरडायचे नाहीत. ओरडणारा साहेब बाहेरच्या जहाजावर चालतो, खाली ओरडला तर सगळ्यांचा श्वास जातो. आमचे साहेब बूट काढून मोज्यांवर फिरायचे, कोणी झोपला असेल तर त्याला जाग येऊ नये म्हणून. साहेब आले हे आम्हाला मागाहून कळायचं.

मग एकाहत्तरची लढाई लागली आणि आम्ही पाकिस्तानच्या पाण्यात जाऊन बसलो. मी कानाला हेडफोन लावून. एका सकाळी आवाज आला, एकच इंजिन, जड, हळू. साहेबांनी पेरिस्कोप वर काढला तर बाहेर सगळी धुरी, दाट धुकं, नुसती एक सावली. हुकूम होता की त्या पट्ट्यात जे दिसेल ते शत्रूचं समजायचं, टॉर्पेडो तयार होता, माणूस हात ठेवून बसला होता. आणि इंजिन बंद झालं. मग मला ठोके ऐकू आले. तीन ठोके, शांत, परत तीन ठोके.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो, साहेब, कोळी आहेत, जाळं टाकलंय. ते बोलले, खात्री आहे? मी बोललो, हो साहेब. बाजूचा साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला, की शत्रूचं जहाज पण इंजिन बंद करून ऐकत उभं राहतं, आणि जहाजावर गंज काढायला हातोडा तर रोजच मारतात. खरं होतं त्याचं. मी लाकूड ऐकलं की लोखंड, तेव्हा शपथ घेऊन सांगता आलं नसतं मला. पण मला बाप दिसत होता हो डोळ्यांसमोर, दांडका घेऊन वाकलेला, मी कसा बोलणार मारा म्हणून? साहेबांनी पेरिस्कोप खाली घेतला आणि टॉर्पेडोवरचा हात काढायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी आमच्यावर बॉम्ब पडले. पाण्यातले बॉम्ब, वरून सोडतात. दिवसभर आम्ही तळाला चिकटून पडलेलो, बोलणं नाही, भांडं वाजवणं नाही, खोकला आला तर उशीत तोंड. एक जवळ फुटला तेव्हा माझा हेडफोन काढायचा राहिला, एका बाजूचाच काढला, म्हणून एक कान तरी शिल्लक आहे. साहेबांनी तिथून आम्हा सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं, एक माणूस गेला नाही, त्याचंच ते मेडल. छातीवर लावलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, पण पाणबुडीवर कुजबुज होतीच, की आदल्या दिवशी सोडलेलं ते जहाजच असणार, त्यानेच आपल्याला दाखवून दिलं.

पुढे चौकशी बसली. बोट का सोडली? साहेबांनी सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितली, मासेमारीची होती. कुठली बघितली, धुरीत काय दिसणार, पण माझं नाव त्यांनी काढलं नाही. मला आत बोलावलंच नाही कोणी, मी बाहेर बाकावर बसून होतो आणि मेल्यासारखा गप्प राहिलो. मेडल मिळालेला माणूस, तो मोठा अधिकारी व्हायला पाहिजे होता ना? नाही झाला. त्यांच्या हाताखालचे वर गेले, ते ऑफिसात कागद हलवत राहिले आणि लवकर घरी बसले. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, कान कसा आहे चिखले. मी लिहायचो, ठीक आहे साहेब. बास. पन्नास वर्षं एवढंच.

जयवंतला पकडलं तेव्हा कल्पना आधी शेठकडे गेली, मग डहाणूच्या कचेरीत, हा दाखला आणा, तो फोटो आणा, फेऱ्या मारून तिच्या चपला झिजल्या. एक दिवस बोलली, बाबा, तुमचे साहेब एवढे मोठे, त्यांना सांगा ना. मला लाज वाटली. कुठल्या तोंडाने जाऊ? पण पोरीचं तोंड बघवेना, म्हणून गेलो पुण्याला, साहेबांच्या घरी.

साहेब नव्वदीच्या पुढे, खाटेवर, पण ओळखलं, काय रे चिखले, किती म्हातारा झालास. मी जयवंतचं सांगितलं, आणि काय झालं मला कोण जाणे, रडायला लागलो आणि ते पण सांगून टाकलं, की साहेब, तेव्हा मला खात्री नव्हती, मी तुम्हाला खोटं बोललो, तुमचं सगळं गेलं माझ्यापायी. त्यांनी मला जवळ बसवलं. बोलले, मला कळलं होतं रे, तुझी मान हो म्हणत होती आणि हात हेडफोन कानावर परत परत दाबत होते. मी बोललो, मग का सोडली? ते बोलले, तुला खात्री नव्हती आणि मला पण नव्हती, मग खात्री नसताना मारायचं होतं का?

मग साहेबांनी आपल्या लेकीकडून कागद मागवून घेतला. पाकिस्तानच्या नौदलाचे एक म्हातारे साहेब होते, कुठल्याशा परदेशातल्या कार्यक्रमात ओळख झालेली, त्यांना लिहिलं, स्वतःच्या हाताने. लढाईत मी तुमच्या कोळ्यांची बोट सोडली होती, आता तुम्ही आमचा एक कोळी सोडा, एवढंच. पत्र गेलं. उत्तर आलं नाही, आणि पावसाळ्याच्या आधी साहेब गेले. मी पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं, फोटोला हार, खाली मेडल ठेवलेलं. नमस्कार केला आणि आलो, दुसरं काय करणार.

परवा यादी आली, सोडणार त्या खलाशांची. झाईचे दोघे आहेत. जयवंत नाही. कल्पनाने मोबाईलवर चारदा वाचली, खालून वर, वरून खाली, मग मोबाईल ठेवून दिला आणि माझ्याजवळ येऊन बसली, उजव्या बाजूला. बोलली, बाबा, एक विचारू, ती बोट खरंच कोळ्यांची होती ना?

काय सांगू तुम्हाला, थकलो हो मी या एका प्रश्नाला. मी बोललो, हो बाय, कोळीच होते, मी ऐकलंय ना माझ्या कानाने, सुखरूप घरी गेले सगळे. ती बोलली, मग तिकडचे पण सोडतील, पुढच्या यादीत असेल ह्यांचं नाव.

मी बोललो, तुझ्या तोंडात साखर पडो.