वेगळं मीटर

बिलाच्या भांडणात मी एकदा जिंकलो होतो, पण ते सांगायची अजून लाज वाटते. संग्रामपूरला शाळेत नवीन लागलो, तेव्हा देविदासकाकांकडे भाड्याने राहत होतो. दोन्ही घरांना मीटर एकच, बिल अर्धं-अर्धं. हिवाळा संपता संपता बिल एकदम वाढलं.

काका म्हणाले, "सर, तुमचा टीव्ही दिवसभर चालते."

"दिवसभर तर मी शाळेत असतो, काका."

आमचं बोलणं बंद झालं. मी रागाने माझ्या खोलीला वेगळं मीटर बसवून घेतलं. महिन्याने दोन्ही आकडे पाहून काका म्हणाले, "तुमचं बराबर होतं सर. वीज आमच्याकडंच जाऊन राह्यली."

मग त्यांनी मला आत नेलं. भाव वाढेल म्हणून बीटीचा सगळा कापूस त्यांनी घरातच आढ्यापर्यंत भरला होता. त्याच्या धुळीने काकूंना दम लागायचा, म्हणून खाटेजवळचा पंखा दिवसरात्र चालू असायचा.

मी म्हणालो, "हा पंखा माझ्या मीटरवर जोडा."

"नाही सर. आता तुमचं वेगळं झालं."

पूर्ण बिल एकट्याला परवडेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून काकांनी पंखा बंद केला. भिंतीपलीकडून काकूंचा खोकला ऐकू यायचा. मी पुन्हा दोनदा विनवलं, कापूस विकून टाका असंही म्हणालो.

"एवढ्या कमी भावात कसा विकू, सर?"

चैत्रात काकू गेल्या. तेरावं झाल्यावर काकांनी व्यापाऱ्याची गाडी बोलावली आणि सगळा कापूस भरून दिला. भाव त्यांनी विचारलाच नाही.