आधी आपल्या नाकात

आत नका जाऊ, साहेब. इथंच बसा या खाटीवर. आत धूर झाला आहे – सूनबाईनं चूल पेटवली, लाकडं ओली, म्हनून खोकलून राहिली ते. ताप? नाई जी, ताप-बीप काई नाई. आठवा महिना लागला आहे तिले, पहिलटकरीन आहे, निजलेल्या बाईले कशाले उठवता – म्हंजे, चूल पेटवली अन् मंग निजली. पोटुशी बाई अशीच असते, आता उठली, आता निजली, तुमचं लगन नाई झालं, तुमाले काय समजन. जया नाव तिचं, लिवा पायजे तं. जया गुलाबराव. अन् पुढं लिवा, तब्येत चांगली. माझं नाक पाहून झालं ना तुमचं? माझ्या गुलाबचं बी झालं सकाळी कारखान्याच्या गेटवर. मंग घरातलं एक नाक राहिलं तं काय बिघडते.

पानी घ्या. पुन्याहून इतक्या दूर आले तुमी, अन् कशासाठी, तं आमचा शेंबूड न्यायले. रागावू नका, मी म्हातारी गंमत करतो. सकाळी तुमी पानीवाल्या फकिराच्या तट्टाच्या नाकात ते लांब काडी घातली तं सारा लेबर कॅम्प हासत होता. दोघांनी कान धरले, एकानं शेपूट धरली, अन् तुमी चष्मा सांभाळून त्याच्या नाकपुडीत. मंग मागच्या डबरीतले डुकरं. लोकं म्हनत होते, साहेबाले ऊन लागलं. मी नाई हासली. मले माहीत आहे, ढोराच्या नाकात अन् मानसाच्या नाकात फरक काई नाई, दोन्ही ओले, दोन्ही कोवळे. माझा बाप साकोलीकडं ढोराईचा वैद होता. बैलाचं नाक भरलं का बांबूच्या नळीनं नास द्यायचा, नाकात औषध सोडायचा. हे विद्या माझ्या बापाची. फक्त एक गोष्ट मले पटली नाई तुमची. एका नाकाले एक काडी, अन् लगेच ते काचेच्या नळीत बंद, अन् दुसऱ्या नाकाले दुसरी काडी – इतका कापूस कोन फुकट घालवते, साहेब? माझं एक पीस महिनाभर चालते.

कोंबडीचं पीस, पाखाचं, लांब. ते पाहा, त्या वाटीत ठेवलं आहे. जवसाचं तेल, त्यात कांद्याचा रस अन् वेखंड घासून. पीस बुडवायचं, नाकपुडीत वरवर न्यायचं, हातानं थोडंसं फिरवायचं. मंग तीन-चार अशा शिंका येतात का मानूस हालून जाते, डोळ्यातून पानी, अन् त्याच्या मांगून दोन घंटे नाक कोरडं ठन्न. दोन घंटे पुरतात. कशासाठी म्हनता? तुमाले गेटचं कोनी सांगितलं नाई वाटते. हा ताप सुरू झाला तसा ठेकेदारानं गेटवर कंपाउंडर बसवला. ज्याचं नाक वाहते त्याले वापस. आता वापस म्हंजे घरी जाऊन निजा असं नाई, वापस म्हंजे टोकन ठेवा अन् जा, तुमच्या जागी दुसरा आला. भट्टीचं काम थांबते काय कोनासाठी? बालाघाट, भंडारा, रायपूर, कुठून कुठून मानसं येऊन उभे आहेत. म्हनून सकाळच्या भोंग्याच्या आधी सारे माझ्या दारात येतात. रांगेत. कवा तीस, कवा चाळीस. इथं, जिथं तुमी बसले ना, इथंच एकेकाले बसवतो, मान मांगं करतो, अन् शिंकले का पुढचा. कंपाउंडर पाहते तं नाक कोरडं. जा म्हनते. गेल्या महिन्यात या रांगेतलं एक बी टोकन गेलं नाई, साहेब. माझ्या हातानं वाचले ते. बाया पाया पडतात माझ्या.

पीस पुसून घेतो ना. लुगड्याच्या पदरानं पुसतो दर वेळी.

सुरुवातीले नोते पाया पडत. दोन साल आधी आमी आलो तवा गुलाबच्या मांगं मी एकटी म्हातारी, बोली निराळी, अन् हे पीस अन् वाटी. मांगच्या रांगेतल्या एका पोराले नास दिली अन् तिसऱ्या दिवशी ते पोरगं दुसऱ्याच कशानं तरी आजारी पडलं, हगवन लागली त्याले. बस. बोलाले लागले, मराठिन टोनही आहे. टोनही म्हंजे तुमाले नाई समजनार. आपल्याकडं चेटकीन म्हंतात तसं, पन इथं ते नुसतं म्हनून नाई थांबत. पलीकडच्या गावात एका बाईले म्हटलं होतं, माझ्यासमोर – जाऊ द्या. तिच्या अंगावर काई ठेवलं नोतं लोकाईनं. म्हनून मी तवापासून एक रीत पाडली. जो येईन त्याच्या डोळ्यासमोर, पीस तेलात बुडवायचं अन् आधी आपल्या नाकात. मंग त्याच्या. पाहा बाप्पा, जहर असन तं मी मरीन, मंतर असन तं मले लागन. दर मानसाच्या आधी मी. चाळीस मानसं तं चाळीस वेळा. माझं नाक आतून सोललं आहे, पाहिलं ना तुमी? पन कोन्या मायच्या लेकानं त्याच्यानंतर टोनही शब्द काढला नाई.

पयला आजारी कोन पडला? हे तुमी सकाळपासून साऱ्याईले पुसून राहिले. मले पुसा, मी सांगतो. लिवा. पयलं फकिराचं तट्टू. पान्याची गाडी ओढते ते, बुटकं, भुरं. त्याच्या नाकातून पांढरं जाड येत होतं, खाली मान घालून उभं राहे, खात नोतं. अन् मंग पान्याच्या गाडीवर सारे जातात, बाया, मानसं, पोरं, सारे त्याच्या तोंडासमोरून जातात. त्याच्यापासून सुरू झालं. मी पयल्या दिवसापासून म्हनून राहिली, पन ढोराचं कोन लिवते. तुमी लिवा. हा कागद वर जाते ना? मंग त्याच्यावर तट्टू लिवा, म्हंजे झालं, कोनाच्या घरावर येत नाई.

तट्टाले कवा झालं? दिवस कसे सांगू. थांबा. फकिरा माझ्याकडं आला तवा तट्टू नुसतं शिंकत होतं. धुळीनं, दुसरं काय, दिवसभर डंपरच्या मांगं चालते ते. खात होतं चांगलं, लाथ मारली त्यानं मले. मी नास दिली. हो, आधी माझ्या नाकात – फकिराच पुढं उभा होता ना, त्याचं तट्टू म्हंजे त्याचा लेक. मंग तीन दिवसांनी त्याचं नाक असं वाहाले लागलं. तीन का चार. नास दिल्यावर. हो, दिल्यावरच, साहेब. आधी नोतं तसं.

लिवलं काय ते? नका लिवू अजून.

मंग कॅम्पात दोघंचौघं शिंकाले लागले, गेटवर कंपाउंडर बसला, अन् मंग केवलराम. वेल्डरच्या हाताखाली होता, उंच, दाट केसाचा. त्याले थोडी सर्दी होती तवा आला, दुसऱ्या दिवशी म्हने, अंजनाबाई, बदन टूट रहा है. मी म्हटलं बस, घे नास, गेट पार कर. तीन दिवस त्याले रोज गेट पार करून दिलं मी. चवथ्या दिवशी वर चढला अन् पाय थरथरले, लोकाईनं खाली उतरवलं, थुंकीत रगत होतं. तुमच्या त्या तापाच्या बराकीत नेलं, ते तिकडं, रेल्वेच्या पलीकडं. तिथून वापस नाई आला. बावीस वर्षाचा. त्याचा मोठा भाऊ, नत्थू, मसनातून सरळ इथं आला, आंगोळ नाई, काई नाई, अन् मले म्हने – बाई, तू उसको क्या दी थी? मी म्हटलं, जे मी घेतो तेच. अन् त्याच्या समोर वाटी घेतली अन् पीस नाकात घातलं. तो पाहत राहिला. मंग गेला.

म्हनून मी जयाले त्या बराकीत जाऊ देत नाई. सांगून टाकलं तुमाले. ताप आहे तिले. परवापासून. बसा, उठू नका, मी सांगतो ना सारं. तिले मी आधीपासूनच जपत होती, पान्याच्या गाडीवर जाऊ दिलं नाई, रांगेतल्या मानसाईसमोर येऊ दिलं नाई, चूल बी मीच पाहतो. फक्त रोज सकाळी, साऱ्याईचं झालं का, ताप तिले लागू नये म्हनून – वाटीत उरलेलं – तिच्या बी. हो. त्याच पिसानं. आधी माझ्या, मंग तिच्या.

काय म्हनता?

नाई, माझं काय, मले काई झालं नाई. मले काई होत नाई, तेच तं साऱ्याईले दाखवतो मी. पडसं झालं होतं थोडं, ते बी जेठात. भावाकडं गेली होती खडगपूरले, रेल्वेत आहे तो, भाचीचं लगन होतं. गाडीत पाय ठेवाले जागा नोती, अन् सारा डबा खोकलून राहिला होता, कलकत्त्याकडून आलेले मानसं, एका बाईचं लेकरू माझ्या मांडीवर होतं, त्याचं नाक मी पदरानं पुसत होती रस्ताभर. दुर्गले उतरली तवा अंग कसकस करत होतं. दोन दिवस निजली. मंग उठली, कामाले लागली. तसं बारीक बारीक नाक वाहत राहिलं पंधरा दिवस. नास घेत होती ना, दबून राहे.

कोनत्या तारखेले आली? तारीख नाई माहीत. मिरीग लागाच्या आधी. तट्टू? तट्टू त्याच्या नंतर. आठ दिवसांनी. पन मी कवा म्हटलं का मी – कॅम्पात तवा कोनीच खोकलत नोतं, बरोबर आहे तुमचं. गेटवर कंपाउंडर बी नोता तवा. माझं पडसं होतं, एवढंच होतं.

तुमी तसं नका पाहू माझ्याकडं.

तट्टू नाई म्हनता. तट्टू नाई. मी आली, मंग तट्टू, मंग केवलराम, मंग सारी रांग, मंग पलीकडच्या कॅम्पातले बारा मानसं जे इकडं नास घ्यायले येत होते, अन् शेवटी माझ्या घरात. पदरानं पुसून. म्हंजे मी त्याईच्या डोळ्यासमोर, रोज, एकेकाले – अन् ते माझ्या पाया पडत होते. देवा. केवलरामले मी हातानं मान धरून बसवलं होतं, नको म्हनत होता तो तिसऱ्या दिवशी, आग होते म्हने. मी म्हटलं, मर्द आहेस का कोन आहेस.

लिवा, साहेब. खोडा ते तट्टू. अंजनाबाई लिवा, लेबर कॅम्प, तिसरी रांग. लिवलं? आता ऐका. जयाचे ओठ सकाळपासून निळे पडले आहेत. श्वास वरवर घेते, पोटातलं काल हाललं होतं, आज मले हाताले लागलं नाई. मी भिऊन बसली इथं दार अडवून, तुमचा टाइम खाल्ला मी, माझं नाव येऊ नये म्हनून – तुमाले समजलं काय, लेकराची माय आत तडफडून राहिली अन् मी तुमाले तट्टाची गोष्ट सांगत होती. हे कापसाचं नंतर करा, आधी तिले उचला. तुमच्या डब्यात सुई असन तं द्या, जीप कुठी आहे तुमची, नाक्यावर? बोलवा. बराकीत न्या, नाई तं दुर्गले न्या, तुमी जिथं म्हनान तिथं. मी काई म्हननार नाई.

थांबा. हळू बोला.

नत्थू. कवाचा उभा आहेस गा तू तिथं, ताटीच्या मांगं?

साहेब, तुमी तिकडं पाहू नका. रांगेतले बी येऊन राहिले आहेत त्याच्या मांगून, शिफ्ट सुटली. तुमी आत जा, आतून मांगच्या बाजूनं दार आहे, पत्र्याचं, ढकललं का उघडते, तिकडूनच न्या तिले, जीप तिकडंच बोलवा. मी नाई येत. मी तिच्या जवळ आता येत नाई, तिनं हाक मारली तरी नाई. गुलाब आला तं त्याले सरळ दवाखान्यातच घेऊन जा, इकडं येऊ देऊ नका. मले काय होते. मी बसतो इथं.

ये नत्थू, बस. त्याईले बी बसू दे. ऐकलं ना तू, मंग परत सांगत नाई. मी कुठी जात नाई.

जा ना साहेब तुमी.