दाढ राहू दे

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीचा गाल टम्म सुजला होता.

“ताई, आज पळालीस तर याद राख! किती दिवस ‘उद्या जाते, उद्या जाते’ चाललंय.”

“अगं, पण मी रिकामी कुठे बसले होते? दवाखान्यात जायचं म्हटलं की मला घरातली कामं दिसायला लागतात. आधी माळा आवरला. मग पडदे शिवले. परवा तर निघता निघता थोरल्या नणंदेला फोन करून अबोलाच मिटवला.”

“काय सांगतेस! तिचं तर नाव काढलेलं चालायचं नाही तुला.”

“दाढेपुढे नणंदसुद्धा गोड वाटली गं. तुझे भावजी तर म्हणतात, दाढ राहू दे, अजून स्वयंपाकघर रंगवायचंय.”

“पुरे! आणि त्या खिडकीशी काय खुडबुड चाललीय? खाली बस.”

“अडकलीय गं ही. तुझ्या डब्यातला चमचा दे जरा... हं, उघडली! घे तुझा चमचा.”

“ताई, डॉक्टर आलेत बाहेर.”

“अरे वा! ही खिडकी कुणी उघडली? दोन वर्षं झाली, मी सुताराला बोलावू बोलावू म्हणतोय!”

“मी उघडली, डॉक्टर. घाबरले की माझे हात स्वस्थ बसत नाहीत.”

“असं? मग दाढ उद्या काढली तर चालेल? आत एक कपाट आहे, त्याचं दारच लागत नाही.”

“डॉक्टर, तुम्हीसुद्धा?”

“तू गप गं. ही पर्स धर, आणि चमचा दे इकडे.”