भुयारातली सिस्टर

मंडळी, जरा थांबतो. माईक सरळ करतो. जत्रांमधून ओरडून ओरडून पोट भरलेला माणूस मी, आणि आज मला माईक लागायलाय. एवढ्या उन्हाचे तुम्ही आलात. मानवतहून एसटीनं आलात. माझ्या बहिणीसोबत दवाखान्यात ड्यूटी केलेल्या सिस्टर आल्यात. सगळ्यांना हात जोडतो. अक्का असती तर म्हणाली असती, "बाबू, लोकांना आधी पाणी दे, मग भाषण ठोक." पाणी मागं ठेवलंय. घ्या.

अक्काबद्दल चांगलं बोलायला माणसांची कमी नाही. आत्ताच पाच-सहा जण बोलले. कुणाची बाळंतीण तिनं वाचवली, कुणाच्या पोराला पहिली सुई तिनं टोचली. सगळं खरं आहे. पण माझी भाची नंदा इथं पुढं बसलीय. काल ती मला म्हणाली, "मामा, सभेत गोड गोड बोलू नका. आई शेवटी काय करायली होती, ते सगळ्यांसमोर सांगा. लोक काहीबाही बोलायलेत."

बोलायलेत, बेटा. माझे कान तिखट आहेत, तुम्हाला माहीत आहे. पाण्याची मोटार नुसती ऐकून बेअरिंग गेलंय का वायंडिंग जळालंय ते मी सांगतो. मग नदीवर चिता पेटलेली असताना माझ्या पाठीमागं काय बोललं गेलं, ते मला ऐकू येणार नाही का? एक जण म्हणाला, "त्या कॉम्प्युटरच्या खेळानंच घेतलं बाईला." दुसरा म्हणाला, "ह्या वयात कसला नाद!" आणि तिसरा, नाव घेत नाही, इथंच बसलाय, तो म्हणाला, "अन् तो चुडाव्याचा कोण? घरच्यावानी रडायलाय."

तर ऐका. पहिल्या माणसाचा संशय मला नवीन नाही. त्या खेळावर सगळ्यात आधी संशय घेतला तो मी.

अक्का रिटायर झाली आणि माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली. नंदाचा कॉलेजातला कॉम्प्युटर तिथंच पडून होता. त्याच्यावर हा खेळ. भुयारात उतरायचं. समोर येईल त्या राक्षसाला कापायचं. तो पडला की त्याच्या अंगातून काहीतरी पडतं, तलवार, चिलखत, अंगठी. ते उचलायचं. मग अजून खाली. खाली अजून मोठा राक्षस, अजून भारी अंगठी. बस्स. एवढाच खेळ. संपत नाही. संपूच नये म्हणून केलेला आहे.

आणि भारी वस्तू पडली की एक घंटी वाजते. टिंग.

मंडळी, ती घंटी मी खाली दुकानात मोटार उघडून बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि पाना माझ्या हातातच राहिला. ही घंटी मला ओळखीची. तरुणपणी जत्रांमधून मी रिंगा टाकायचा खेळ लावायचो. वस्तू मांडलेल्या, लांबून रिंग टाकायची, वस्तूवर बसली तर वस्तू तुमची. एखाद्याला साबणाची वडी लागली की मी घंटा अशी बडवायचो की पाळण्यात बसलेलं माणूस खाली उतरून माझ्याकडं यावं. माणूस साबणासाठी येत नाही हो. आता लागेल, पुढची लागेल, ह्या आशेला येतो. म्हणून मी अक्काला म्हणलं, "अक्का, हा धंदा मी केलाय. तुला कुणीतरी रिंगा टाकायला लावलंय."

ती म्हणाली, "बाबू, तुझ्या दुकानावर साबण तरी खरा होता का?"

मी म्हणलं, "खरा होता!"

"मग फेस का येत नव्हता?"

हसा, हसा. ती अशीच होती.

जेवायला हाक मारावी, "अक्का, भाकरी गार व्हायलीय." वरून उत्तर, "राक्षस गरम हाय, आधी तो." बाजारात भाव करताना भाजीवाल्याला म्हणायची, "तू भुयारातल्या तिसऱ्या मजल्याचा राक्षस हायस, तुला मी आत्ता पाडते." ते बिचारं बघतच राहायचं. दूध उतू जायचं. आणि वरून मला दिवसभर टकटक, टकटक, माऊसचा आवाज. मला राग यायचा. मला भीती वाटायची, असं म्हणा.

खेळात आपलं एक माणूस निवडावं लागतं. मला वाटलं, ही औषधं देणारी होईल. छे. उघड्या दंडाची, दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेतलेली आडदांड बाई निवडली. नाव ठेवलं सिस्टर. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "आयुष्यभर पट्ट्या बांधल्या. आता मला थोडं फोडू दे."

आणि त्या खेळात दोन तऱ्हा आहेत. एकीत आपलं माणूस मेलं की परत उठून उभं राहतं. दुसरीत एकच जीव. मेलं की मेलं, कितीही वर्षांचं असो, पुसून जातं. अक्कानं दुसरी घेतली. मी म्हणलं, "डोकं फिरलंय का? सोपी तऱ्हा आहे की." तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "बाबू, मेल्यावर उठून बसलेलं माणूस मी कधी बघितलं न्हाई. ते मला खोटं वाटतं."

आता चुडाव्याचा माणूस. मघाशी ज्यांना प्रश्न पडला होता त्यांनी नीट ऐकावं. सलीमभाई, उठू नका, बसून राहा. सलीमभाईंचं चुडाव्याला स्टेशनाजवळ शिलाईचं दुकान आहे. हा खेळ लांबलांबची माणसं एकत्र खेळतात, कानाला हेडफोन लावून बोलतात. तिथं एकदा अक्काला कुणीतरी "लय मारायलेत ओ मला" असं म्हणताना ऐकू आलं. तिनं विचारलं, "कुठला रे तू?" तेव्हापासून दोघं बरोबर भुयारात उतरायचे. हा मागून बाण मारणार, ही पुढं कुऱ्हाडी घेऊन. वर्षानुवर्षं. आणि एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. सलीमभाईंनी अक्काला पहिल्यांदा बघितलं ते तिरडीवर.

मला त्यांच्यावरही संशय होता. खोटं कशाला बोलू? जिन्याच्या खालून मी ऐकायचो, हा कोण माणूस रोज माझ्या बहिणीशी बोलतो, ह्याला हवंय तरी काय. बरं, काहीच मागायचा नाही. त्यानं माझा संशय अजून वाढायचा.

त्या दिवशी दुपारची गोष्ट. मी खाली मोटार बांधायलो होतो. वर टकटक चालू. मग टकटक थांबली. मग पावलं ऐकू आली, जिन्याच्या बाजूला येणारी. मग धप्प. मी वर पळालो. अक्का दाराशी पडली होती, एक हात चौकटीला. जीपमध्ये घातली. दवाखाना यायच्या आधीच संपलं.

पण जीप यायच्या आधी, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा, टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. "सिस्टर? सिस्टर, खाली गेलात का? बोला की." मी वायरीनं तो हेडफोन ओढून कानाला लावला आणि म्हणलं, "मी भाऊ बोलतोय. अक्का पडलीय."

नंदा, तू विचारलंस ते आता सांगतो. हे सलीमभाईंनी मला नदीवर सांगितलं, माझे दोन्ही हात धरून. दोघं लय खोल होते. समोर मोठा राक्षस. अक्का म्हणाली, "सलीम, छातीत दुखायलंय." हे म्हणाले, "सिस्टर, सोडा सगळं, उठा, भावाला हाक मारा." ती उठून गेली असती तर तो राक्षस ह्यांच्यावर आला असता. ह्यांचा पण एकच जीव. हे म्हणाले, "मरू द्या मला, खेळच आहे, मी नवीन करतो." अक्का म्हणाली, "तुला असं टाकून जाऊ का?" तिथं एक निळं दार उघडतं, गावाकडं जायचं. ते तिनं उघडलं. स्वतः दारापुढं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली. ह्यांना आधी जाऊ दिलं. मग आपण गेली. गावात पोचल्यावर म्हणाली, "पोचलास ना? आता सांभाळ. मी खाली जाते." आणि मग ती खुर्चीतून उठली.

चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ, असं सलीमभाई म्हणतात. तेवढ्या वेळात ती वाचली असती का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मग मलाही सांगता येत नाही. हा काटा माझ्याजवळच राहणार.

पण समोर बसलेल्या सिस्टर लोकांनो, तुम्ही मला सांगा. ड्यूटी संपली, रात्रभर उभं राहून पाय सुजले, घरी पोरगी तापानं फणफणलेली, तरी दुसरी सिस्टर येऊन चार्ज घेईपर्यंत अक्का कधी वॉर्ड सोडून गेली का? माना हलवायलात. नाही गेली. नंदा, ती तापानं फणफणलेली पोरगी तूच होतीस. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटच्या दिवशी पण तिनं तेच केलं. पेशंट सुखरूप ठेवला, चार्ज दिला, मग निघाली. ती खुर्चीत गेली नाही, बेटा. ती दाराकडं निघाली होती.

म्हणजे खेळ निर्दोष झाला का? नाही, मंडळी. माझा संशय उलट वाढलाय. माझी रिंग लोभी माणसाला धरायची. लोभी माणूस खिसा रिकामा झाला की घरी जातो. ह्या खेळानं माझ्या बहिणीला अंगठी दाखवून धरलं नव्हतं. अंगठ्या ती सलीमभाईंनाच देऊन टाकायची. ह्यानं तिला तिच्या चांगुलपणानं धरलं. समोर कुणाचा तरी जीव आहे आणि तो तुझ्या हातात आहे, एवढंच तिला दाखवलं. असलं माणूस उठून जाईल कसं? ज्यानं कुणी हे बनवलं तो माझ्यापेक्षा फार हुशार दुकानदार आहे, आणि तो मला कधी भेटणार नाही. मघाशी आपण फुलं वाहत होतो तेव्हा कुणाच्या तरी खिशात टिंग वाजलं. मी मान वळवली नाही. पण तुम्ही घरी गेल्यावर स्वतःला एकदा विचारा, मला हा खिशातला कशानं धरून बसलाय?

एवढं मात्र आज ह्या माईकवरून सांगतो. संशय यंत्रावर घ्या. माणसावर घेऊ नका. सलीमभाई, तुम्ही मागं का बसलात? नंदा, त्यांना पुढं आण. तुझ्या शेजारी बसव. ज्याच्यासाठी तुझी आई दारात उभी राहिली, तो माणूस आपल्या दारात मागं बसणार नाही.

या. असं इथं.

सलीमभाईंनी मला अजून एक सांगितलं. सिस्टर अजून त्या गावात उभी आहे, शेकोटीजवळ, दोन्ही कुऱ्हाडी खांद्याला. जिवंत. तिला परत भुयारात कुणी न्यायचं नाही, असं नंदा, सलीमभाई आणि मी, आम्ही तिघांनी ठरवलंय. तिची ड्यूटी झाली.

आता सगळे उभे राहू. कुणी काही बोलू नका. खिशातली यंत्रं बंद करा. माझे कान वरच्या खोलीकडं लागतील, सवय आहे, तिकडून काही येणार नाही हे माहीत असून. तुम्ही तुमच्या मनातल्या अक्काला आठवा.

अक्का, पोरगी इथं आहे. तुझा पेशंट पण सुखरूप आहे, तिच्या शेजारीच उभा आहे. चार्ज घेतला मी. जा आता तू.