मानाची पर्स

सुबोध : मावशी, आधी तो फोन माझ्या नाकासमोरून हलव. वाचलं मी. 'सदर पर्स बनावट असल्याच्या संशयावरून आपले खाते बंद करण्यात येत असून दंडाची रक्कम वळती करण्यात आली आहे.' पुढे?

सुलक्षणा : पुढे काय पुढे! अख्खा जन्म मुलुंडात गेला माझा, कोणी बोट दाखवलं नाही. आणि हे कोण कुठले माझ्यावर संशय घेणार? माझ्या जुन्या साड्या विकल्या त्याच अ‍ॅपवर, एकीची तक्रार नाही. त्या साड्यांचेच पैसे दाबून बसलेत मेले. तू वकील कशाला झालास? ठोक केस.

सुबोध : केस ठोकायला ती काय खिळा आहे? ऐक. बाजू तुझी भक्कम आहे. खरी वस्तू एकदा विकत घेतली की पुढे विकायला ब्रँडची परवानगी लागत नाही. आणि दंड करायला ही कंपनी म्हणजे कोर्ट नव्हे. करारात दंडाचं कलम असलं, तरी वाजवी नुकसानभरपाईच्या वर त्यांना उकळता येत नाही. नुसत्या संशयावर तर नाहीच नाही. तुला काही विचारलं त्यांनी? बाजू मांडायला वेळ दिला?

सुलक्षणा : कोण विचारतंय! गिऱ्हाईक मिळालं, पर्स तपासणीसाठी त्यांच्या गोदामात गेली, आणि एकदम हेच आलं.

सुबोध : झकास. मग त्यांचीच वाट लागली. फक्त एक आहे. विकायला टाकताना 'वस्तू अस्सल असल्याची मी हमी देते' यावर तू टिचकी मारली असशील.

सुलक्षणा : मारली असेन. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. वाचतंय कोण ते?

सुबोध : ते वाचतात ना. म्हणून पर्स आली कुठून ते दाखवावं लागेल. बिल आहे?

सुलक्षणा : भेट आलेल्या वस्तूचं कधी बिल असतं का रे?

सुबोध : ज्याने भेट दिली त्याच्याकडे असेल. कोणी दिली?

सुलक्षणा : चहा गार होतोय तुझा.

सुबोध : मावशी.

सुलक्षणा : विहीणबाईंनी. लग्नात. मानाची म्हणून.

सुबोध : श्रुतिकाच्या आईने? आणि तू ती विकायला काढलीस?

सुलक्षणा : हळू बोल! एकदाही वापरली नव्हती रे, कपाटात पडून होती. आणि आलेला आहेर आपण फिरवतोच की. तुझ्या मुंजीत दिलेली समई चार घरं फिरून माझ्याच दारात आली होती. तेव्हा कोणी वकील आडवा आला नाही.

सुबोध : समईवर कोणी ब्रँड छापत नाही. श्रुतिकाला माहीत आहे?

सुलक्षणा : नाही, आणि कळताही कामा नये. रविवारी तिचं डोहाळजेवण. माणिकताई येणार चारकोपहून लेकीची ओटी भरायला. त्यांना काय म्हणू, तुमची पर्स विकतेय, जरा पावती द्या? जीभ झडेल माझी. म्हणून तर तुला बोलावलं.

सुबोध : आणि समजा, पर्स खरंच खोटी निघाली?

सुलक्षणा : कशी निघेल? बैठकीत त्या ब्रँडचं नाव मीच घेतलं होतं.

सुबोध : मागितलीस?

सुलक्षणा : छे! मी म्हटलं, आम्हाला काही नको, नारळ-सुपारी द्या. मग आपलं बोलता बोलता म्हटलं, आमच्या माधुरीवन्संना त्यांच्या विहिणीने अशी-अशी पर्स दिली. एवढंच.

सुबोध : म्हणजे मागितलीस.

सुलक्षणा : गप बस. लॅच वाजला.

(श्रुतिका आत येते. चप्पल काढता काढता थांबते.)

श्रुतिका : सुबोधदादा, तुम्ही? आई, तुमचा चेहरा का असा झालाय?

सुलक्षणा : काही नाही गं. बस तू आधी. डॉक्टर काय म्हणाले?

श्रुतिका : सगळं नीट आहे म्हणाले. दादा, काय झालंय? सिद्धेशचं काही?

सुबोध : नाही गं बाई, तुझा नवरा मजेत आहे. मावशी, सांगू का? हिला वगळून काम पुढे सरकणार नाही.

सुलक्षणा : मीच सांगते. तुझ्या आईने दिलेली ती पर्स, मी विकायला काढली. अ‍ॅपवर.

श्रुतिका : विकायला?

सुलक्षणा : चुकलं माझं. आणि ते मेले म्हणतात, ती खोटी आहे. तुझ्या आईने दिलेली वस्तू खोटी म्हणतात म्हणजे काय! सोडणार नाहीये मी त्यांना.

श्रुतिका : नका भांडू, आई.

सुलक्षणा : का नको?

श्रुतिका : खोटीच आहे ती.

सुबोध : तुला माहीत होतं?

श्रुतिका : घेताना बरोबर होते मी. बैठकीत पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते ना, सगळं ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी आई मला मॉलमध्ये घेऊन गेली. काचेतल्या पर्सची किंमत विचारली आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसली. इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगला जाते हो ती. मग स्टेशनबाहेर तशीच दिसणारी घेतली. मी नको म्हटलं. तर म्हणाली, भर मांडवात तुझी मान खाली नको.

सुलक्षणा : मला नाही का सांगायचं?

श्रुतिका : काय सांगू? माझ्या आईने तुम्हाला फसवलं म्हणून? तुम्ही ती कधीच खांद्याला लावली नाहीत. आई इथे आली की आधी तुमच्या खांद्याकडे बघते. परत जाताना मला काय म्हणते माहितीये? 'विहीनबाईंका कळला असतला गो, पण एक शब्द बोलाक नाय. मोठ्या मनाची बाई.'

सुलक्षणा : मोठ्या मनाची?

श्रुतिका : गावीसुद्धा सगळ्यांना सांगते.

सुलक्षणा : बस कर गं. धरणीने पोटात घ्यावं असं झालंय मला. मला काही कळलंबिळलं नव्हतं. रंग आवडला नाही म्हणून पडून होती ती. एवढं मागून घेतली, आणि रंग आवडला नाही.

सुबोध : मावशी, दंडाचं अजूनही भांडता येईल. वस्तू खोटी असली तरी न विचारता, मनाला येईल तसा दंड लावता येत नाही. तुला माहीत नव्हतं, भेट आली होती, एवढं माणिकताईंकडून लिहून घेतलं तर...

श्रुतिका : माझ्या आईचं नाव नका घालू, दादा. पाया पडते तुमच्या.

सुलक्षणा : अशा दिवसांत कोणाच्या पाया पडतेस? नाही घालणार तो. सुबोध, दंड गेला खड्ड्यात. पर्स कुठे आहे?

सुबोध : गोदामातच असणार. आपण काही बोललो नाही, तर नष्ट करतील.

सुलक्षणा : मग बोल. पर्स परत माग.

सुबोध : खोटी आहे ती.

सुलक्षणा : माझी आहे. कायद्याने मागता येते की नाही, तेवढं सांग.

सुबोध : मागता येते. खोटी वस्तू विकणं गुन्हा आहे, स्वतः वापरणं नाही. पण देतीलच असं नाही. आणि रविवारच्या आत तर विसरच.

श्रुतिका : आईला मी सांगेन, चेन बसवायला दिलीये.

सुलक्षणा : नको गं. खोटं पुरे झालं या घरात. मीच त्यांना आतल्या खोलीत नेईन, ओटी भरायच्या आधी.

श्रुतिका : आणि काय सांगाल?

सुलक्षणा : ते मोठ्या मनाचं आधी काढून टाकेन त्यांच्या डोक्यातून. पर्स मी मागितली होती म्हणेन. मग रडू आलं नाही तर पुढचं.

सुबोध : बघ हां, पर्स परत हवी तर आपल्यालाही लेखी हमी द्यावी लागेल. ही पुन्हा कधी विकणार नाही अशी. मी लिहून आणतो, तू फक्त सही कर.

सुलक्षणा : इथेच बसून लिही. श्रुतिका, टीव्हीवरचा माझा चष्मा दे गं. मागची हमी न वाचताच दिली होती.