राघू का रडतो

— न्हाय, न्हाय, सगळी घडी मोडा की. अशी अर्धी उघडून काय दाखवताय, नवरीचं तोंड हाय का ते? पसरा हितं, माझ्या पुढ्यात. आन कूड्री, कूड्री — बसा म्हणतोय, अण्णाराव. मालक झाल्यापासनं कन्नड विसरलात का? तुमचे वडील शिवलिंगप्पा ह्याच फरशीवर मांडी घालून बसायचे, कपडे मळतील म्हणून धोतर उचलून धरायचे न्हाईत. तुमी तेवढं पँटीला जपताय. जपा. हां, तर काय म्हणाला तो नातेपुत्याचा व्यापारी? चादरींचा अख्खा गठ्ठा माघारी धाडला आन वर म्हणाला, तुमचा राघू रडतोय? भर दुकानात? आन गिऱ्हाइकं हसली? हसणारच की! माणूस चादर घेतो लेकीच्या लग्नात द्यायला, आन तिच्यावर ओळीनं हिरवे राघू, प्रत्येकाच्या डोळ्याखाली पांढरा ठिपका — सासू म्हणंल, सून आली ती रडारड घेऊनच आली. लावा बरं माझं बोट त्या ठिपक्यावर. न्हाय, दिसतंय मला, न दिसायला काय झालं, पण सूत बोटाला जास्त कळतं. हां. हितं. गव्हाएवढा हाय. एवढ्या गव्हापायी तुमची झोप उडाली व्हय?

आन मंग तुमी काय केलंत, सकाळी सिद्रामला हाकललंत. बरोबर केलंत. लई बरोबर केलंत. माणूस माग चालवतो कमी आन तोंड चालवतो जास्त. दोन कानांवर दोन बिड्या, तिसरी तोंडात, आन सगळ्या पेठेला अक्कल वाटत फिरायचं. आणीबाणीत भलेभले गप बसलेत, ह्यो एकटा बोलतोय. काय म्हणाला तो तुमाला? खोट मागात न्हाय, पुठ्ठ्यात हाय. नक्षीचे पुठ्ठे कुणी कापले? ह्या ईरप्पानं. म्हणजे खोट कुणाची? वा रे सिद्राम. मागं एकदा, राघू नवा होता तेव्हा, आला होता हितं, तुमी बसलाय तितंच उभा, बगलेत पुठ्ठा धरून. "ईरप्पामामा, तुमचा राघू जरा..." पुढं बोलूच दिलं न्हाय मी. म्हणलं, तो पुठ्ठा झाक आन आधी तुटलेला दोरा नीट गाठायला शीक, पुठ्ठ्यावर बोलणारी माणसं अजून जन्माला यायचीत. तर हसला. दात काढून हसला आन गेला. पुन्हा ह्या दारात पाय न्हाय ठेवला. दुपारी त्याची बायको शालन येऊन गेली, म्हणे मालक तुमच्याकडं येणार हायत, तुमी एक शब्द टाका. मी म्हणलं, बाई, मी शब्द टाकत न्हाय, मी पुठ्ठ्याला भोकं पाडतो. गेली. आता तुमी आलाय तोच शब्द मागायला — पुठ्ठे बरोबर का सिद्राम बरोबर. देतो की. मी एकदा म्हणलं पुठ्ठ्यात खोट न्हाय, की त्याला ह्या पेठेत एक माग मिळणार न्हाय. तुमालाबी ठाऊक हाय ते, त्यालाबी ठाऊक हाय. म्हणून तर बायकोला धाडली.

पण उगाच न्हाय सांगणार. नीट शोधून सांगतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, ईरप्पानं म्हातारपणी डूख धरला. तुमी काय काय करून बघितलं? — सूत बदललं! अण्णाराव, सूत बदलून राघू हसतो व्हय? सूत वाईट असतं तर एखाद्या राघूला गाठ आली असती, एखाद्याला भोक पडलं असतं, सगळे राघू एकाच डोळ्यानं एकाच जागी कशाला रडतील? त्यांनी काय ठरवून ठेवलंय का? — तेल दिलं. तेल दिलं मागाला! वा. पोट दुखतंय म्हणून केसाला तेल लावा. — आन काय, धोटा बदलला, कांड्या बदलल्या, मुनिमानं सांगितलं म्हणून लिंबू बांधलं. मुनिमालाच बांधायचा होता की. हे असं करायचं नसतं. एकदम दहा गोष्टी बदलल्या तर कशानं बरं झालं आन कशानं बिघडलं, कळणार कसं? एक गोष्ट धरायची. तिला विचारायचं, तू का? ती न्हाय म्हणाली की दुसरीकडं जायचं.

आता ऐका. जेकार्डच्या मागाला अक्कल नसते. पुठ्ठ्यात भोक असंल तर दोरा वर, नसंल तर दोरा खाली. एवढंच त्याला कळतं. पुठ्ठा सांगंल तसं विणतो, मुनीम सांगंल तसं चालणाऱ्या मालकावानी. आन मी काय चादरीतला प्रत्येक राघू वेगळा कापत बसत न्हाय. राघू एकच कापायचा. एकदाच. रुंदीत किती बसायचे ते दोऱ्या बगतात, लांबीत किती बसायचे ते पुठ्ठ्यांची माळ फिरून फिरून बगते. पण सगळे त्या एकाच राघूची पिल्लं. मंग आता सांगा, वरची एखादी दोरी तुटली असती तर? एकाच उभ्या ओळीतले राघू बिघडले असते, बाकीचे हसत असते. पण हितं आडव्या ओळीतले सगळे रडतायत. मंग दोरी न्हाय. बरं, सुई वाकली असती तर? तर सगळीकडं बिघाड दिसला असता, पण नुसता डोळ्याखाली न्हाय — चोचीपासनं शेपटीपर्यंत, चादरीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत उभी रेघ आली असती. रेघ हाय का? बोट फिरवतो मी. न्हाय. मंग सुई न्हाय. फक्त डोळ्याखाली, प्रत्येक राघूला, माळ फिरून आली की पुन्हा तितंच. मंग काय राहिलं?

पुठ्ठा राहिला.

व्हय, पुठ्ठाच हाय. त्यात एवढे दचकता कशाला? पुठ्ठ्यात खोट हाय आन पुठ्ठा ईरप्पानं चुकवला, ह्या दोन गोष्टी न्हाईत का? पुठ्ठा मागावर चढला की सिद्रामच्या हातात. खिळ्यानं भोक पाडायला वेळ किती लागतो? बिडीनं पाडायला त्याहून कमी. तुमच्याशी भांडला होता ना तो, गेल्या महिन्यात, कारखान्यात प्यायला गार पाणी पायजे म्हणून? मंग! काढला राग राघूवर.

माझ्याकडनं चूक? बगा ती भिंतीवर खुंटीला. जाड माळ. तिला आमी 'आई' म्हणतो. ग्राफवरनं कापलेला मूळ राघू तो. ती मागावर कधी चढत न्हाय. कारखान्यात जातात त्या तिच्या लेकी — आईचा पुठ्ठा वर, कोरा पुठ्ठा खाली, आन आईच्या भोकातनं ठोकत जायचं. लेक झिजली, की आईवरनं दुसरी लेक. आईत असंल ते लेकीत येणार, आईत नसंल ते लेकीत येणार न्हाय. म्हणून आई कापताना माणसाचं डोकं ठिकाणावर लागतं. ही आई मी बहात्तरच्या दुष्काळात कापली. माणसं खडी फोडायला जात होती आन तुमच्या वडलांना राघूची चादर पायजे होती, असे एकेक शौक. शेपूट झाली, पंख झाले, आन माझी कारभारीण मल्लव्वा गेली. सकाळी गेली, दुपारी नेली. पाहुणे बाहेर बसलेले, आन मी हितं येऊन राघूचं डोकं कापायला घेतलं. व्हय, त्याच दिवशी. तोंडावर बोलले लोक, ईरप्पाचं काळीज दगडाचं हाय, डोळ्यातनं टिपूस न्हाय काढलं. म्हणलं, बोला. काम तुमच्या वडलांना कबूल केलेलं. हात थरथरला न्हाय, अण्णाराव. संध्याकाळपर्यंत राघूला डोळा आला होता. आन तुमचा सिद्राम माझ्या पुठ्ठ्यात खोट काढतो!

— काय म्हणालात? दुसऱ्या मागावर पण? कुणाच्या, ज्ञानूच्या? त्याच्यावर आत्ताच चढवलेला राघूबी रडतोय? मंग हे आधी सांगायचं की! सूत, तेल, लिंबू, सगळं सांगून झालं आन कामाचं तेवढं पोटात ठेवलं. ज्ञानू तर गाय हाय, त्याच्या हातनं माशी मरत न्हाय, तो कशाला भोक पाडंल? दोन माग, दोन लेकी, दोन माणसं... आन एकाच जागी.

थांबा. गडबड नको. सिद्राम न्हाय मंग. बरं. सिद्राम न्हाय. मंग आई? पण आई कशी? तुमीच म्हणताय ना, जुन्या माळेवर राघू चांगला येत होता, नवी माळ चढली आन रडायला लागला? जुनी माळबी ह्याच आईची लेक. आईत खोट असती तर जुना राघूबी रडला असता. चार वर्षं रडला असता. रडला? न्हाय. संपलं की! आई बरोबर हाय. मीच हे पुठ्ठ्यावर लिहून देतो... जुनी माळ आणलीय म्हणालात? मंग पिशवीत काय पूजेला ठेवलीय, काढा. द्या माझ्या मांडीवर. झिजलीय. तेलकट झालीय. माणसासारखीच होते ही. हां, ही गाठ बगा, हितनं डोकं सुरू. चोच... चोचीच्या वरचा... डोळा. हा डोळा. आता ह्याच्या पुढचा पुठ्ठा, ह्यात...

...

अण्णाराव, हितं काय चिकटवलंय?

न्हाय, मला लागतंय बोटाला. जाड हाय. चौकोनी कापून लावलंय. तुमी बगा, कसला कागद हाय? नीट बगा की, तरणे डोळे हायत तुमचे! — गुलाबी. गुलाबी आन त्यावर छाप. बिडीच्या बंडलाचा. पाठीमागनं? पाठीमागनंबी लावलाय. खळीनं चिकटवलाय, ताण्याला लावतात त्या खळीनं. कडा घासून घेतल्यात, सुईला अडकू नये म्हणून. उकलू का? उकलत न्हाय. घट्ट हाय. नख घालतो... हां.

भोक हाय खाली.

बोलू नका जरा. तुमी बोलू नका. उठा आन ती खुंटीवरची माळ काढा. मी न्हाय उठत, तुमीच काढा. सांभाळून. गाठ कुटं... ही. चोच. डोळा. पुढचा...

...

व्हय. हितंबी हाय.

बाहेर तुमच्या स्कूटरला कोण हात लावतंय बगा. न्हाय? मला वाटलं.

काय बगताय माझ्याकडं? ठेवा ती खाली. मी काय म्हणत होतो — व्हय, की लेकीला पट्टी लावून भागत न्हाय. लेकीला लावलेली पट्टी लेकीबरोबर जाते. ती झिजली, तुमी नवी मागवली, मी आईवरनं ठोकून दिली, आन राघू पुन्हा रडायला लागला. ह्या खेपेला त्यानं पट्टी का न्हाय लावली, ते त्यालाच विचारीन. ज्यानं पट्टी लावली त्याला हे ठाऊक असणार. म्हणून तर तो इथपर्यंत आला होता, बगलेत पुठ्ठा धरून. मंग का न्हाय सांगितलं त्यानं दुसऱ्या कुणाला? एवढं तोंड चालवणारा माणूस, अख्ख्या पेठेला सांगता आलं असतं, ईरप्पाचा राघू रडका हाय म्हणून. चहाच्या टपरीवर किती हशा पिकला असता. न्हाय सांगितलं. बिडीचा कागद फाडला, लावला, आन गप विणत बसला. बोलला तो आज सकाळी, तेबी तुमी चोर ठरवलंत तेव्हा.

पुठ्ठा कुठला, कोणत्या दिवशीचा, ते मला विचारू नका. विचारलंत का? न्हाय ना. मंग तसं बगू बी नका. डोक्याचा हाय, दिसतंय की तुमाला.

चादर घडी करा. अशी न्हाय, काठाला काठ लावून. वडलांनी एवढंसुद्धा शिकवलं न्हाय. आन शब्द पायजे होता ना, घ्या: सिद्रामला परत घ्या. आज. दिवा लागायच्या आत त्याच्या घरी जा, तुमी स्वतः जा, मुनिमाला धाडू नका. शालन दारात असंल तर तिच्यादेखत सांगा. काय सांगायचं ते तुमचं तुमी बगा, 'ईरप्पा म्हणाला' एवढं म्हणलं तरी पुरे. आन त्याला उद्या हिकडं धाडा. तुमी यायचं न्हाय, त्याला एकट्याला धाडा. येताना खळ घेऊन ये म्हणावं. बाजारची मला चालत न्हाय. त्याची चांगली हाय. चार वर्षं सुटली न्हाय.

निघा आता. चहा न्हाय हाय. चहा करणारं कुणी न्हाय ह्या घरात, तुमाला ठाऊक हाय. आन दारातनं बाजूला व्हा, अण्णाराव — उजेड येऊ द्या.