आमचं दार सोडून जाते ती पालखी

माझं माहेर नावड्याचं. बाप भात लावायचा, मग जमीन गेली, कारखाने आले, अन् बाप त्यातल्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. लग्न होऊन मी हितं आले, ठाणे-बेलापूर रोडच्या कडेच्या गावात. गावाचं नाव नका लिहू ताई, आमाला अजून हितंच राहायचं हाय. मालक अटॅकनं गेले तवा मुलगा शिकत होता, आता तो पुन्याला नोकरीला. घरात मी अन् सासू, तिला मी आय म्हनते. दोघी विधवा. रडत बसून काय होत नाय, तुर्भ्याला मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला लागले, आज तिथली एक लाइन मीच बघते.

हे कशाला सांगते, तर आमच्या घरात सवाशीन नाय. चैत्रात गावदेवीची पालखी दारोदार फिरते, दारात थांबली की घरच्या सवाशिनीनं खना-नारळानं देवीची ओटी भरायची, मग पालखी पुढं. विधवेनं भरायची नाय. म्हनून मालक गेल्यापासून शेजारची कुंदा येऊन आमची ओटी भरायची, अन् मी अन् आय दाराच्या मागं उभ्या. नारळ माझा, तांदूळ माझे, घर माझं, आनि मी दाराच्या मागं. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग सवय झाली. सवय कशाची बी होते.

एका वर्षी काय झालं, कुंदा सुनेला बाळंतपनाला घेऊन गेली हॉस्पिटलात, ती आलीच नाय. पालखी दारात, ढोल वाजतोय, खांदेकरी घामानं निथळलेले, वहिनी चला लवकर, अजून अर्धा गाव बाकी हाय. काय सांगू तुमाला, मी ताट उचललं, बाहेर आले आनि भरली ओटी. देवी काय बोलली नाय. ढोल तेवढा थांबला.

दुसऱ्या दिवशी गावकीची बैठक. गावकी म्हंजे जुन्या घरांची कमिटी, देऊळ, पालखी सगळं त्यांच्याकडं. अध्यक्ष माझेच चुलत दीर, बाळारामभावजी. म्हनाले, वहिनी, विषय वाढवायचा नाय, देवळात सगळ्यांसमोर नारळ फोडा, चुकलं म्हना, संपलं. मी म्हनलं, भावजी, काय चुकलं तेवढं समजावून सांगा, एक सोडून दोन फोडते. कोपऱ्यातला एक म्हातारा बोलला, कंपनीत बायकांवर ओरडून ओरडून हिची जीभ सुटली. सगळी बैठक हसली. मी उठून आले.

तवापासून पालखी आमचं दार सोडून जाते. हळदीचं बोलावनं नाय, बारशाचं नाय. कुंदा मार्केटात दिसली की मान खाली घालून कांदेच निवडत बसते, एवढे कांदे लागतात कुनाला? तिला बी बजावलं असनार, तिच्यावर राग नाय. माझं काय, मी सकाळी डबा घेऊन कामावर जाते. पन आयचं सगळं वर्ष त्या पालखीवर. गेल्या चैत्रात उंबऱ्यात बसून राहिली, पालखी कुंदाच्या दारातून वळली, हिनं लांबूनच हात जोडले अन् त्या दिवशी जेवली नाय.

मग मी पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या मॅडम भल्या. म्हनाल्या, वाळीत टाकनं गुन्हा हाय, त्याचा वेगळा कायदा हाय, घटनेनं तुमाला बरोबरीचा हक्क दिलाय, तक्रार द्या, पुढच्या पालखीसोबत माझे शिपाई देते, बघू कोन तुमचं दार सोडतंय. मी खुशीत घरी आले, आयला सांगितलं. ती म्हनाली, पोलिसांनी धरून आनलेली देवी माझ्या दारात नको गं, ती काय चोर हाय?

आता बोला. हक्क माझा हाय, पटतंय मला, पन खांदा त्यांचा. कायद्यानं त्यांचा खांदा माझ्या दारात वाकंल, पन तशी पालखी आयला चालनार नाय. तक्रार दिली तर पालखीला खांदा देनारी भावजींची पोरं केसमधे अडकनार, माझ्या मुलासंग वाढलेली पोरं. माफी मागितली तर मी केलं ते पाप ठरनार, अन् उद्या गावात कोनतीही बाई विधवा झाली की तिला माझं नाव घेऊन दाराच्या मागं ढकलनार. कंपनीत मशीन जाम झालं तर मी स्विच बंद करून हात घालते. हितं स्विच कुठं हाय तेच कळत नाय.

परवा शेवटी म्हनलं, आय, तू सांग, तुझ्यासाठी फोडते नारळ. म्हातारी म्हनाली, माफी नको मागू. तुझा सासरा गेला तवा मी तुझ्याहून लहान होते, सगळा जन्म दाराच्या मागं काढला, ओटी भरायला माझा हात का नाय उठला, ह्याचाच विचार करत असते मी. म्हनलं, अगं, माफी नको, पोलीस नको, तर पालखी येनार कशी? म्हनाली, नाय येनार.

चैत्र तोंडावर आलाय. भावजींचा निरोप आलाय, मॅडमचा फोन आलाय, दोघांना एकच सांगितलं, बघते. आयनं चोळीचा खन आनायला लावला, हिरवा, तो आनून ठेवलाय. ओटी भरली जाईल का, ते मला नका विचारू. देवी तुमचं भलं करो ताई, तुमच्या दारापर्यंतची तिची वाट तरी कुनी अडवू नये.